डाव्या बाजूचा दिवा

१

गाडीला कुलूप होतं, आत चिटपाखरू नव्हतं आणि तिचा डावा डोळा तेवढा उघडा होता.

इन्स्पेक्टरने गाडीभोवती दोन चकरा मारल्या. पुढे डावीकडचा बारका पांढरा दिवा जळत होता, मागे डावीकडचाच तांबडा. उजवी बाजू गाढ झोपलेली. सूर्य उगवून तास झाला होता, म्हणून त्या दिव्यांकडे कुणाचं फारसं लक्षही गेलं नसतं. पण इन्स्पेक्टरचं गेलं. अर्धी जागी गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी. बंद पडलेल्या दीपगृहासमोर, टेकाडाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून ती उभी होती. शाळेतून जादा किल्ली आणून डिकी उघडली, तर तिच्यात लाकडाचा भुसा आणि एक पितळी स्क्रू सापडला. बंदराच्या गोदामातून काल तिन्हीसांजेला नाहीशी झालेली चार खोकी याच गाडीतून गेली, हे सांगायला कुठल्या ज्योतिषाची गरज नव्हती.

त्या खोक्यांत दीपगृहाचं भिंग होतं. आठवड्यापूर्वी बुरुजावरून उतरवून, चार तुकडे करून भरून ठेवलेलं. आज संध्याकाळी ट्रक येणार होता आणि ते एका बड्या हॉटेलच्या जेवणघरात झुंबर म्हणून टांगलं जाणार होतं. आता झुंबरही गेलं आणि बंदर अधिकाऱ्यांची झोपही.

इन्स्पेक्टर टिपणं काढत होता, तेवढ्यात एक म्हातारा मच्छीमार चढण चढून वर आला. त्याने बुरुजाकडे पाहिलं. वरची काचेची खोली रिकामी होती, तिच्यातून आरपार आभाळ दिसत होतं. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “काल दीपगृह पेटलं होतं.”

२

“याला काल चढली असेल,” बंदर अधिकारी म्हणाले.

“मी घेत नाही,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “आणि माझ्या मागे दोन होड्या होत्या. त्यांनाही विचारा. अंधार पडत होता, खडकांची रांग दिसेना. म्हटलं, आता अंदाजाने जायचं. एवढ्यात समोर उजेड. फिरत नव्हता, एका जागी उभा होता. पांढरा, सुईसारखा. त्या सुईवर नाक धरून आम्ही तिघे घरी आलो.”

“उंच होता की खाली?” इन्स्पेक्टरने विचारलं.

म्हाताऱ्याने बुरुजाकडे पुन्हा पाहिलं. “खालीच वाटला, नेहमीपेक्षा. पण साहेब, अंधारात उजेड दिसला की माणूस त्याची उंची मोजत बसत नाही.”

दोन्ही होड्यांवरच्या माणसांनी हेच सांगितलं. इन्स्पेक्टरच्या अंगावर काटा आला. भिंग नाही, दिवा नाही, वीज तोडलेली, बुरुजाच्या दाराला अधिकाऱ्यांचं सील, आणि तीन होड्या त्या दिव्यावर घरी आलेल्या.

अधिकाऱ्यांना या कथेत काडीचा रस नव्हता. त्यांचा चोर ठरलेला होता. “गाडी कुणाची? शाळेची. किल्ली कुणाकडे असते? त्या शिकवणाऱ्या ताईकडे. आज सकाळी किल्ली कुठे सापडली? तिच्याच खुंटीवर. तिचा भाऊ हमाल आहे. तिने गाडी चालवली, त्याने खोकी उचलली. ट्रक यायच्या आत तिला अटक झालेली मला दिसली पाहिजे.”

इन्स्पेक्टरला हे पटतही होतं आणि खुपतही होतं. ताईने त्याच्या धाकट्या बहिणीला गाडी शिकवली होती. अटक झाली की तिचा शिकवण्याचा परवाना गेला, आणि दहा वर्षं उन्हातान्हात कमावलेलं नाव गेलं. शेवटी त्याने मनाचा हिय्या केला आणि ज्या एका व्यक्तीला फोन करायचा त्याला सगळ्यात धाक वाटत होता, तिलाच फोन केला.

वाहन परवान्याची परीक्षा घेणारी ही बाई. गाव तिला नापासबाई म्हणायचं. तिने दोन नगरसेवक, एक न्यायाधीश आणि स्वतःचा सख्खा जावई नापास केला होता. इन्स्पेक्टरला दोनदा.

अर्ध्या तासात बाई आल्या. त्यांनी गाडीच्या खिडकीतून आत एकदा पाहिलं, आणि इन्स्पेक्टरने पहिल्यांदाच पाहिलं की बाईंचा चेहरा उतरला.

“कुणी कशाला हात लावलाय?” त्यांनी विचारलं.

“डिकी सोडून कशालाच नाही.”

“मग लावू नका. आत चोराने सही करून ठेवलीय.”

३

इन्स्पेक्टर खिडकीला नाक लावून पाहत राहिला. सही कुठे दिसेना.

“दिव्यांचं बटण बघा,” बाई म्हणाल्या.

“बंद आहे.”

“इंडिकेटरची दांडी?”

“डावीकडे पडलेली.”

“स्टिअरिंग?”

“तेही थोडं डावीकडे.” इन्स्पेक्टर वैतागला. “बाई, सगळं बंद आहे तर दिवा कसा चालू?”

“तुम्ही दोनदा नापास का झालात ते आता आठवलं.” बाईंनी चष्मा पुसला. “या जातीच्या गाडीत एक सोय असते. अरुंद रस्त्यावर गाडी लावून जायचं असेल, तर किल्ली काढल्यावर दांडी एका बाजूला ढकलून ठेवायची. त्या बाजूचे पुढचे-मागचे बारके दिवे लागून राहतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची धडक बसत नाही. बॅटरी फार खात नाहीत, सकाळपर्यंत आरामात जळतात. पण कुणी दांडी आधीच तशी ठेवून किल्ली काढली, तरी ते लागतातच.”

“म्हणजे चुकून?”

“कडेला घेताना इंडिकेटर दिला. चाक पुरतं सरळ व्हायच्या आत गाडी थांबली, म्हणून दांडी आपोआप परत आली नाही. दिवे बंद केले, किल्ली काढली, दांडी राहिली.” बाईंनी टेकाडावर नजर फिरवली. “या ओसाड टेकाडावर, मागेपुढे कुत्रंसुद्धा नसताना, चोरीचा माल घेऊन आलेल्या माणसाने कडेला घेताना इंडिकेटर दिला. याचा विचार करा.”

इन्स्पेक्टरने विचार केला, आणि त्याला हसावं की काय करावं ते कळेना.

“आणि ती चकती पाहा. स्टिअरिंगच्या डावीकडे, शून्य ते तीन आकडे आहेत ती.”

चकती तीनवर होती.

“ती कशाची?”

बाईंनी सुस्कारा टाकला. “वीस वर्षं मी प्रत्येकाला तोंडी परीक्षेत हा एक प्रश्न विचारते. आधी लोकांची उत्तरं घेऊ, मग सांगते.”

४

ताई शाळेच्या बाकावर बसली होती. रडून डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर. “शेवटचा तास संपला, किल्ली खुंटीवर अडकवली आणि मी घरी गेले. सकाळी आले तर किल्ली दाराच्या आत जमिनीवर, पत्रं टाकायच्या फटीखाली पडलेली. मला वाटलं खुंटीवरून पडली असेल, म्हणून उचलून लावली. तेव्हा गाडी जागेवर नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

“संध्याकाळी दाराला कुलूप कधी लागतं?”

“मालक लावतात, माझ्यानंतर अर्ध्या तासाने. तोवर उघडंच असतं. शिकणारे सगळे येऊन-जाऊन असतात.”

खोकी भरणारा मुकादम गोदामाच्या दारात विडी ओढत बसला होता. गोदामाची किल्ली खिळ्यावर असते आणि तो खिळा अख्ख्या बंदराला ठाऊक आहे, हे त्याने हात झटकत मान्य केलं. एकेका खोक्याचं वजन पन्नास किलो. “दोन माणसं लागतात. नाहीतर फळी आणि ढकलगाडी. पण ते डोकं आमच्या पोरांना नाही.” मग विडी विझवून तो वेगळ्याच सुरात बोलला. “साहेब, मी आयुष्यभर काचसामान भरलं. पण ते भिंग... मधला मोठा डोळा आणि त्याच्याभोवती काचेच्या कडांची वलयं. मी वाकलो तर त्यात माझं तोंड सात वेळा दिसलं आणि सातही वेळा मला माझीच लाज वाटली. असलं काही खोक्यात भरायचं नसतं.”

दिवस कलताना शेवटी ते दिवेकाकांकडे गेले. एकतीस वर्षं दीपगृह सांभाळलेला माणूस. बायको गेलेली, मुलगी परदेशी. बंदरामागच्या एका अंधाऱ्या खोलीत काका पाठीला उशी लावून बसले होते. पाहुणे आले म्हणून त्यांनी टेबलावरचा दिवा लावला आणि बसण्याआधी त्याची टोपी भिंतीकडे वळवली.

“डोळ्यांवर येतो,” ते म्हणाले.

काल कुठे होतात, या प्रश्नावर काका म्हणाले, “पाठ धरलीय. पडून होतो.” मग भिंगाबद्दल विचारलं. “उलटं टांगणार होते ते, साहेब. झुंबराला शोभतं म्हणून. उलटं.” मग एकदम विचारलं, “काल होड्या सगळ्या परत आल्या ना?”

“आल्या,” इन्स्पेक्टर म्हणाला.

निघताना बाई दारात थांबल्या. “परवा परीक्षा आहे ना, काका? चौथी.”

काकांनी मान खाली घातली. “या वयात मुलगी गाडी घेऊन देतेय. शिकावं म्हणतो.”

गल्लीत आल्यावर बाई भिंतीला टेकल्या. इन्स्पेक्टरने त्यांना कधी असं टेकलेलं पाहिलं नव्हतं.

“काय झालं?”

“मी त्यांना तीनदा नापास केलंय,” बाई म्हणाल्या. “आणि तिन्ही वेळा एकाच चुकीसाठी.”

५

“गाडी थांबवल्यावर दांडी मधे आणायची विसरतात,” बाई म्हणाल्या. “बाकी सगळं बिनचूक. तिन्ही कागदांवर मी तेच लिहिलंय.”

“बाई, अशी चूक शंभरजण करतात. तेवढ्यावरून म्हाताऱ्याला—”

“म्हणून तर चकती.” बाई भराभर चालत होत्या आणि इन्स्पेक्टरला त्यांच्या मागून जवळजवळ पळावं लागत होतं. “ती हेडलाइटचा झोत खाली आणते. डिकीत वजन पडलं की गाडीचं बूड दबतं, नाक वर होतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शून्य म्हणजे पुढच्या सीटवर एक-दोघे. एक म्हणजे सगळ्या सीट भरलेल्या. दोन म्हणजे सगळी माणसं आणि वर डिकीही भरलेली. आणि तीन?”

“तीन?”

“एकटा चालक आणि डिकीत ठासून सामान. मग नाक सगळ्यात जास्त वर जातं.”

इन्स्पेक्टर जागच्या जागी थांबला. “म्हणजे ताई आणि तिचा भाऊ नाहीत. गाडीत एकच माणूस होता.”

“एकच. शिवाय ताई असती तर दांडी तशी राहिली नसती, तिचे हात झोपेतही मधे आणतील. मुकादमाला चकती म्हणजे काय हेच माहीत नसणार. वीस वर्षांत त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला एकाच माणसाने दिलंय. मी विचारलं, ही चकती कशाला? ते म्हणाले, ‘आपला दिवा दुसऱ्याला वाट दाखवायला असतो, आंधळं करायला नाही.’” बाई मागे वळल्या. “चोरी करायला निघालाय, पकडलं गेलं तर म्हातारपणाची माती. आणि हा माणूस गाडी सुरू करण्याआधी चकती फिरवतो, का तर रस्त्यात समोरून येणाऱ्या कुणाला त्रास नको. असा चोर मी पाहिला नाही, इन्स्पेक्टर. असा साव तरी कुठे पाहिला?”

इन्स्पेक्टरला टेबलावरचा भिंतीकडे वळवलेला दिवा आठवला. सगळं जुळत होतं, एक सोडून.

“पण दीपगृह कसं पेटलं?” त्याने विचारलं.

बाईंनी मान हलवली. “ते मलाही माहीत नाही.”

६

काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. बाईंनी दारातून नुसतं “तीनवर होती, काका,” म्हटलं आणि त्यांनी काठी उचलली.

टेकाडाच्या पोटात, धक्क्यावर उतरणाऱ्या पायऱ्यांशी, जुनी तेलाची खोली होती. पूर्वी दिव्याचं तेल तिथे साठवत. चारही खोकी तिथे एका ओळीत होती, वर स्वच्छ चादर घातलेली. बंदर अधिकारी धापा टाकत मागून आले आणि चादर ओढणार, तोच काका म्हणाले, “हात पुसा आधी.” आणि अधिकाऱ्यांनी, का कोण जाणे, हात पुसले.

“काल इथे आल्यावर एका खोक्यात खडखडलं,” काका सांगू लागले. “माझा जीव वरखाली. मधल्या डोळ्याचा तुकडा होता. खोलून पाहिला, फक्त स्क्रू सुटला होता. खोक्यावर उभा करून ठेवला गाडीच्या नाकापुढे, आणि बाकीची खोकी ढकलगाडीने एकेक करून खाली आणली. शेवटच्या खेपेला हात धुवायला धक्क्याच्या टोकाला गेलो आणि मागे वळून पाहिलं.”

त्यांनी चादरीचं टोक नीट केलं.

“साहेब, एकतीस वर्षं मी आत होतो. रोज संध्याकाळी दिवा लावायचा आणि तिथेच बसायचं. लोक म्हणायचे, काका, काय सुंदर दिसतो तुमचा दिवा. मी हो म्हणायचो. पण बाहेरून तो कसा दिसतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ज्याला लावायचाय तो बाहेर कसा असणार? काल पहिल्यांदा पाहिला.”

इन्स्पेक्टरच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. डावीकडचा तो बारका दिवा, नखाएवढा. त्याच्यापुढे योगायोगाने उभं राहिलेलं भिंग.

“पण तेवढ्याशा दिव्याने?” अधिकारी म्हणाले. “खोलीत पुस्तकही वाचता यायचं नाही त्याच्या उजेडात.”

“दिवा कधीच मोठा नव्हता, साहेब,” काका म्हणाले. “मोठं भिंग होतं.”

“मग विझवून घरी का नाही गेलात?” इन्स्पेक्टरने विचारलं. “गाडी परत नेऊन लावली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.”

“अंधारात चालवायचं अजून शिकवलं नाही मला ताईने. परवानाही नाही.” हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की कुणाला हसता आलं नाही. “आणि होड्या दिसल्या. तीन. सरळ उजेडावर येत होत्या. तिन्ही आत आल्यावर मी भिंग परत खोक्यात घालून ढकलगाडीने खाली आणलं, गाडीला कुलूप लावलं आणि चालत जाऊन किल्ली शाळेच्या फटीतून आत टाकली. बारका दिवा राहू दिला. एकतीस वर्षांत मी संध्याकाळी दिवा विझवलेला नाही. हात झाला नाही. पहाटे येऊन विझवणार होतो, पण पाठीने उठू दिलं नाही.” मग ते बाईंकडे वळले. “त्या पोरीवर आळ आला हे मला आत्ता कळतंय. माझं जे व्हायचं ते होऊ दे, तिचं नाव आधी पुसा.”

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. गोदामापाशी ट्रक येऊन उभा होता.

“साहेब,” इन्स्पेक्टर त्यांना म्हणाला, “तक्रार तुमची आहे. पण लिहिण्याआधी एकदा खात्री करून घेऊ. अंधार पडतच आलाय.”

ताईला बोलावणं गेलं; तिचा भाऊ, मुकादम आणि म्हातारा मच्छीमारही आले. ताई आली, आणि काकांनी तिच्यापुढे हात जोडले, तेव्हा तिने ते धरून खाली केले. “मला मागितली असती तर मी स्वतः घेऊन आले असते, काका,” एवढंच ती म्हणाली.

गाडी होती तिथेच होती, डावा दिवा अजून जळत. मुकादमाने आणि ताईच्या भावाने मधला तुकडा काकांनी दाखवलेल्या जागी खोक्यावर उभा केला. काकांनी तो दोन बोटं मागे सरकवला, मग अर्धं बोट पुढे. बाकी सगळे पायऱ्या उतरून धक्क्याच्या टोकाला गेले आणि वळले.

इन्स्पेक्टर पुढे अनेक वर्षं हे सांगायचा प्रयत्न करत राहिला, आणि त्याला कधी जमलं नाही. वर काळं टेकाड होतं, त्यावर काळा बुरुज, आणि त्याच्या पायाशी एक पांढरा तारा उतरून बसला होता. त्याचा उजेड पाण्यावरून थेट त्यांच्यापर्यंत येत होता, आणि जो तो म्हणत होता की तो माझ्याकडेच येतोय. मच्छीमार म्हाताऱ्याने टोपी काढली होती. मुकादमाच्या तोंडातली विडी तशीच विझली होती. आणि हे सगळं चिमूटभर दिव्याचं होतं, जो सकाळी उन्हात धड दिसतही नव्हता. इन्स्पेक्टरला वाटलं, आपण आजवर उजेड पाहिलाच नव्हता.

“ट्रक परत पाठवा,” बंदर अधिकारी कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. “वरिष्ठांशी मी बोलतो. चोरी झालेली नाही. भिंग दुरुस्तीला काढलं होतं. एक स्क्रू सुटला होता.”

वर परतल्यावर बाई गाडीपाशी गेल्या. त्यांनी पिशवीतून परीक्षेचा कागद काढला, जादा किल्लीने दार उघडून दांडीकडे नीट पाहिलं आणि पेन्सिलीने खूण केली.

“चकती बरोबर,” त्या म्हणाल्या. “इंडिकेटर दिला, बरोबर. थांबल्यावर बंद केला नाही.” त्यांनी कागदाची घडी घातली. “नापास, काका.”

“मग आता बंद करू का, बाई?” काकांनी विचारलं.

बाईंनी समुद्राकडे पाहिलं. दूर एक होडी येत होती.

“आज नको,” नापासबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडीचं दार आवाज न करता लावून घेतलं.